नुसतं कर्ज म्हणून सोडून देऊ नका
लेखात आत्महत्येच्या प्रयत्नामागं कर्ज, घरातली भांडणं, आजारपण अशी कारणं दिलीत ती बरोबरच आहेत, पण माणूस एकाच कारणानं त्या टोकाला जात नाही हो. आमच्या सोलापुरात पूर्व भागात बघा, यंत्रमागाचं काम कमी झालं की पगार तुटतो, मग फायनान्सवाल्यांचे हप्ते थकतात, मग दारू, घरात रोजची कटकट, आणि ह्यात त्याची झोप उडालीय तिकडं कुणाचंच लक्ष नसतं. 'आता काहीच बदलणार नाही' असं वाटायला लागणं लई घातक. एकदा प्रयत्न करून वाचलेल्याला पुढं धोका जास्त असतो, आणि नेमकं दवाखान्यातून घरी आल्यावर आपले लोक टोमणे मारतात नाहीतर पोलीस केसच्या भीतीनं विषयच दाबतात. अहो २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारची आहे, हे गल्लीगल्लीत सांगा की! शंका आली तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का म्हणून, विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.