सोन्याचा खिळा आणि 'देश जोडणारी' रेल्वे

आज सकाळी परत तोच फोटो आला. दोन इंजिनं समोरासमोर, मध्ये दोन साहेब हात मिळवतायत, वर चढलेल्यांच्या हातात बाटल्या. खाली ओळ : 'रेल्वेने अमेरिका एक केली, याला म्हणतात दूरदृष्टी!' आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. असलं काही तुम्हा मंडळींच्या गळी उतरत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तिथे वाद न घालता इथे लिहितोय.

फोटो १० मे १८६९चा, युटामधल्या प्रॉमंटरी समिटचा. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक, या दोन कंपन्यांचे रूळ तिथे जुळले. आता त्या समारंभातला सुप्रसिद्ध सोन्याचा खिळा. तो ठोकलाच नव्हता. सोनं मऊ, घण बसला की चेपणार. म्हणून लॉरेलच्या लाकडाच्या चकचकीत स्लीपरला आधीच भोकं पाडून ठेवली, खिळा त्यात अलगद सोडला आणि नंतर काढून घेतला. खरा शेवटचा खिळा साधा लोखंडी. त्याला तारायंत्राची तार जोडली होती, घणाचा ठोका देशभर ऐकू जावा म्हणून. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड यांनी घण घातला आणि नेम चुकला असं सांगतात. तारवाल्यानं 'झालं' कळवून टाकलं.

सोन्याच्या खिळ्यावर कोरलंय काय? ही रेल्वे जशी दोन महासागरांना जोडते, तशी आमच्या देशाची एकी देवानं पुढेही चालू ठेवावी. पुढेही चालू! अहो, चारच वर्षांपूर्वी उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांचं गुलामीवरून पेटलेलं आपसातलं युद्ध संपलं होतं आणि त्यात ६ लाखांवर माणसं मेली होती. कुठली एकी चालू ठेवायची होती?

आणि ती एकी मोडण्यात याच रेल्वेचा हात होता. १८४८मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला, वर १५ दशलक्ष डॉलर दिले. तेव्हा गुलामीची (दक्षिणेची) १५ आणि बिनगुलामीची (उत्तरेची) १५ राज्यं होती. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन, म्हणजे काटा बरोबर मध्ये. नवीन मुलखातून एक राज्य निघालं की काटा हलणार. १८५०मध्ये कॅलिफोर्निया बिनगुलामीचं राज्य म्हणून आलं आणि तो हलला. दक्षिणेला शांत करायला पळून गेलेले गुलाम पकडून देण्याचा कडक कायदा करावा लागला. त्यानं उत्तर पेटली.

मग रेल्वे. १८५३मध्ये, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच वर्षी, तिकडे पॅसिफिकपर्यंतच्या मार्गांची पाहणी सुरू झाली. युद्धमंत्री होते जेफरसन डेव्हिस, पुढे फुटलेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले तेच. दक्षिणेकडून लाइन नेता यावी म्हणून मेक्सिकोकडून आणखी एक पट्टा १० दशलक्षांना घेतला. इकडे इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना लाइन शिकागोहून हवी होती. पण तो मार्ग जिथून जाणार तिथे प्रशासनच नव्हतं, मूळ रहिवाशांची भूमी होती. तिथे कॅन्सस आणि नेब्रास्का असे प्रदेश (राज्य होण्याआधीची पायरी) स्थापायचे तर दक्षिणेची मतं हवीत. त्यांची किंमत म्हणून १८२०पासूनची ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेघ पुसली. तिच्या उत्तरेला गुलामी नाही, असा तो करार होता. आता तिथल्या लोकांनीच ठरवावं, म्हणे.

ठरवलं की! मार्च १८५५मध्ये कॅन्ससात मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. शेजारच्या, गुलामीच्या मिसुरी राज्यातून टोळ्या आल्या, मतं टाकली, घरी गेल्या. पुढे खून, जाळपोळ. उत्तर-दक्षिण दोन्हीकडे असलेला व्हिग पक्ष संपला, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, तो उत्तरेपुरताच. मूळ रोग गुलामगिरीचा होता, मान्य. पण रेघेवर कसाबसा दबलेला रोग कुणी उकरून काढला?

रेल्वेचा कायदा झाला तो १ जुलै १८६२ला, दक्षिणेचे खासदार उठून गेल्यावर. मार्गावर अडून बसणारं कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे रेल्वेनं देश जोडला नाही हो, देश तुटला म्हणून ती रेल्वे मंजूर झाली. हे त्या फोटोखाली कोण लिहिणार?

बांधकामाची तऱ्हाही बघा. कंपन्यांना सरकारी रोखे मैलामागे : सपाटीवर १६ हजार डॉलर, डोंगरांमधल्या पठारावर ३२ हजार, डोंगरात ४८ हजार. वर जमीन. कुठे भेटायचं ते कायद्यात ठरलेलं नाही. मग काय होणार? दोन्ही कंपन्यांच्या भराव टाकणाऱ्या टोळ्या एकमेकींना ओलांडून शेकडो मैल समांतर पुढे गेल्या! शेवटी एप्रिल १८६९मध्ये भेटीची जागा ठरवावी लागली. आणि 'महासागर ते महासागर' म्हणाल, तर लाइनच्या पूर्व टोकाला, ओमाहापाशी, मिसुरी नदीवर पूलच नव्हता. तो १८७२मध्ये झाला. तोवर उतरा आणि नदी ओलांडा.

बरं, महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला, हे खरं. तेवढं देतो.

पण फोटोतली माणसं पुन्हा मोजा. त्यात चिनी चेहरे किती दिसतात? सेंट्रल पॅसिफिकच्या कामावर दहा हजारांहून जास्त चिनी मजूर होते. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या ग्रॅनाइटमध्ये १,६५९ फुटांचा समिट बोगदा खोदला त्यांनी. तिथे दिवसाला फूटभर सरकलं तरी खूप, म्हणून मधून उभी विहीर खणून चार तोंडांनी काम केलं, नायट्रोग्लिसरिन हे स्फोटक तिथेच तयार करून वापरलं. गोऱ्यांना पगाराशिवाय जेवण, चिन्यांना जेवण स्वतःचं. जून १८६७मध्ये त्यांनी संप केला, तर कंपनीनं त्यांच्यापर्यंत येणारा शिधाच तोडला. आठवडाभरात संप मोडला. पगारपत्रकात बहुतेकांची नावंसुद्धा नाहीत, टोळीच्या मुकादमाचं एकट्याचं. मेलेल्यांच्या अस्थी मागाहून गोळा करून गावी चीनला पाठवल्या जात. ह्या ओळीपाशी माझा राग जरा गळतो. घरच्यांना निदान तेवढं तरी मिळालं. १८८२मध्ये त्याच देशानं चिनी मजुरांना दारं बंद केली. ज्यांच्या शिकारीच्या मुलखातून रूळ गेले त्या शायान आणि लाकोटा या मूळ रहिवाशांना तर 'आमच्या देशा'त धरलंच नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मित्रांनो, तो खिळा तुमच्याजवळच आहे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात. तारीख नीट वाचा. त्यावर ८ मे आहे. युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष थॉमस ड्युरँट यांचा खास डबा वायोमिंगमधल्या पिडमाँटला पगार थकलेल्या मजुरांनी अडवला, त्यात पावसानं लाइनही खोळंबली, आणि समारंभ दोन दिवस पुढे गेला. खिळा तोवर कोरून झाला होता. बाजूंवर नावंही आहेत, संचालकांची.