सुई नको, लेझर कॅमेरा पुरे? मामांनी बायोप्सी रद्द केली त्याबद्दल

मामांच्या फुप्फुसात सीटी स्कॅनमध्ये दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी ब्राँकोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, तपासणीसाठी तुकडा काढायची (बायोप्सीची) तारीख दिली आणि आदल्या रात्री मामांनी ती रद्द केली. कारण घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'सुई लागली की कॅन्सर पसरतो. आता श्वासनळीत लेझरचा सूक्ष्मदर्शक घालून पेशी थेट दिसतात, त्यामुळे बायोप्सीची गरजच उरली नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी दरवर्षी ही तपासणी करावी. डॉक्टर पैशासाठी हे लपवतात.' हाच मेसेज मला तिघांनी पाठवला. एकानेही पाठवण्याआधी दहा मिनिटं शोधलं नाही.

यंत्र आहे, हे मान्य. नाव कॉन्फोकल लेझर एंडोमायक्रोस्कोपी. 2007 मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या ल्यूक तिबरव्हिल यांच्या गटाने ब्राँकोस्कोपमधून बारीक तंतू घालून जिवंत माणसाच्या श्वासनळीची भिंत अशी पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. पण त्या निळ्या लेझरमध्ये चमकतात ते भिंतीतले इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचे धागे. पेशी दिसायला वेगळा रंग द्यावा लागतो.

आता 'बायोप्सीची गरज नाही' हे वाक्य. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, कारण मामांची तारीख याच्यामुळे गेली. गाठीतल्या पेशी पाहण्याचं काम अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी केलं. 2019 मध्ये ते युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमध्ये आलं. त्यांनी शिरेतून फ्लुरेसीन हा रंग दिला आणि तो तंतू घातला बायोप्सीच्या सुईतूनच! पडद्यावर तीन खुणा शोधल्या: मोठ्या वेड्यावाकड्या पेशी, काळे पुंजके आणि एकाच दिशेला वाहत गेल्यासारखी पेशींची रांग. गाठींच्या बाबतीत अचूकता 90 टक्के. म्हणजे दहांत एक निदान चुकलंच. या कॅमेऱ्याचा खरा उपयोग सुईचं टोक गाठीतच आहे ना, हे तुकडा घेण्याआधी कळावं, हा आहे. ज्या सुईला घाबरून मामा घरी बसले, तिच्यातच तो बसतो.

आणि चित्र दिसलं तरी पुढे काय? औषध ठरतं ते ईजीएफआर, एएलके ही जनुकं आणि पीडी-एल1 हे प्रथिन यांच्या तपासण्यांवर, आणि त्यांसाठी गाठीतल्या पेशी हातात असाव्या लागतात. काही जनुकीय बदल रक्तातूनही कळतात, पण रक्तात काही सापडलं नाही म्हणून बदल नाहीच असं म्हणता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ईजीएफआर बदल असलेल्या 350 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या जेफिटिनिब गोळीवर आजार सुमारे 8 महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर 16. हा बदल आहे हे कळल्याशिवाय ती गोळी कुणाला द्यायची? शिवाय आपल्याकडे अशी गाठ टीबीचीही असू शकते.

सुईने पसरण्याबद्दल: छातीतून सुई घातली तर तिच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण हजारांत एखादं, किंवा त्याहूनही कमी. त्या पद्धतीत फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी खरा आहे. शंकाच विचारायची तर ती विचारा.

दरवर्षीची तपासणी? एका वेळी दिसतो तो भाग जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान, आणि श्वासनळ्यांना वीसपेक्षा जास्त वेळा फाटे फुटतात. खूप वर्षं सिगारेट ओढलेल्यांसाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन आहे. 2011 च्या अमेरिकी अभ्यासात त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले.

आणि लपवण्याचं म्हणाल, तर हे सगळं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे.

मामा, पुढच्या मंगळवारची वेळ मी पुन्हा घेतली आहे. तुमच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आज डॉक्टरांना फोन करून विचारू. मनाने बंद करू नका.