रांचो गळतो का?

बेचाळिसाव्या वर्षी मी स्पॅनिश शिकायला बसलो, कारण ऑफिसने मेक्सिकोचं काम माझ्या गळ्यात मारलं. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई व्हेनेझुएलातल्या काराकासच्या. त्यांच्या शहरात डोंगरउतारावर उघड्या विटांची, पत्र्यांची घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली आहेत. त्यातलं एकेक घर म्हणजे 'रांचो'. मी वहीत लिहिलं, रांचो म्हणजे झोपडी, आणि खाली दोन रेघाही ओढल्या. घात तिथेच झाला.

शुक्रवारी मॉन्तेरेचे साहेब कॉल संपवताना म्हणाले, "सुट्टीत आम्ही सगळे रांचोवर असतो." माझ्या पोटात कालवलं. पाच दिवस टाय लावणारा माणूस आणि शनिवार-रविवार झोपडीत! येत होती तेवढी क्रियापदं गोळा करून मी मायेने विचारलं, "पावसात गळत नाही ना?"

पलीकडे शांतता. मग साहेबांनी मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला. फोटोत नजर पोचेल तिथवर कुंपण, चरणारी गुरं, घोड्यावर बसलेली नात. आणि मागे ओसरी. तेवढ्या जागेत आमच्या सोसायटीची आख्खी वार्षिक सभा भांडणासकट मावली असती. मेक्सिकोत रांचो म्हणजे शेतवाडी, हे मला असं कळलं.

रात्री तावातावाने स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. तिथे पहिला अर्थ काय, तर जेवण! सैनिकांना, कैद्यांना एकाच हंड्यात शिजवून वाढतात ते. कॅनरी बेटांवर तर चणे, बटाटे आणि शेवया घातलेला दाट रस्सा 'रांचो' म्हणून घरोघरी चवीने खातात. अर्जेंटिनात मात्र रांचो पुन्हा मातीच्या भिंतींचा, गवताने शाकारलेला. बाईंना जाब विचारला तर म्हणाल्या, "आमच्याकडे झोपडीच." आता 'वाडी' म्हणजे वस्ती की नारळीपोफळीची बाग, हे मी तरी त्यांना एका वाक्यात कुठे सांगू शकलो असतो? 'हासेर रांचो आपार्ते' हा वाक्प्रचार तेवढा चटकन समजला. शब्दशः वेगळा रांचो करणं, म्हणजे चारचौघांतून फुटून आपली वेगळी चूल मांडणं.

साहेब चांगले निघाले, रागावले नाहीत. पण गेल्या जुलैत कॉल चालू असताना त्यांनी कान टवकारले. "हा टप टप आवाज कसला?"

मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. टेबलाशेजारी निळी बादली होती. मी पायाने ती हळूच कॅमेऱ्याबाहेर सरकवली.