फायरबेस आणि ऑफलाइन डेटा: माझ्याच मेसेजचा खुलासा

‘फायरबेस जोडलं की ॲप ऑफलाइन आपोआप चालतं, वेगळं काही करावं लागत नाही’ हा फिरणारा मेसेज मूळ माझाच. तो अर्धाच खरा आहे. फायरबेस ही ॲपचा डेटा इंटरनेटवर ठेवणारी गूगलची सेवा; फायरस्टोअर आणि रिअलटाइम डेटाबेस हे तिचे वेगवेगळे डेटाबेस.

अँड्रॉइड आणि आयफोनवर फायरस्टोअरची ऑफलाइन साठवण (डेटाची प्रत डिव्हाइसवर ठेवणं) मुळातच चालू असते. वेबवर ती आपण चालू करावी लागते. रिअलटाइम डेटाबेसमध्ये मात्र ती फोनवरही बंदच असते. अँड्रॉइडवर ती चालू करायला कोडमध्ये ‘सेटपर्सिस्टन्सएनेबल्ड’ला ‘ट्रू’ द्यायचं, तेही डेटाबेसचा पहिला रेफरन्स (कोडमधून डेटाबेसकडे बोट दाखवणारा दुवा) घेण्याआधी. उशीर झाला की ॲप एरर देऊन कोसळतं.

मी फसलो कारण विमान मोडमध्ये सगळं चालताना दिसलं. रिअलटाइम डेटाबेसच्या नोंदी फक्त तात्पुरत्या मेमरीत होत्या! परवा ॲप पूर्ण बंद करून नेटशिवाय उघडलं, तर न पोचलेल्या नोंदी गायब. मग अधिकृत दस्तऐवज वाचला. तिथे हे स्पष्ट लिहिलंय. (आधीच वाचायला हवा होता.)

आणखी एक: फायरस्टोअरचे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारे किंवा एकत्र रद्द होणारे बदल) नेट नसताना फसतातच, साठवण चालू असली तरी.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा द्या.