डेस्कटॉपचा आवाज वाढला म्हणजे मशीन संपलं? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'जुन्या डेस्कटॉपचा आवाज वाढला म्हणजे तो आतून जळायला आलाय, नवा घ्या. तोपर्यंत फॅनमध्ये खोबरेल तेलाचे किंवा डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब सोडा आणि कॅबिनेटचं झाकण काढून ठेवा. फॅन बदलायचाच झाला तर जास्त आरपीएमचा (मिनिटाला जास्त फेऱ्या मारणारा) कुठलाही घ्या, सगळे सारखेच. एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) फॅन घरीच उघडून साफ करता येतो.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण यातला जवळपास प्रत्येक सल्ला चुकीचा आहे आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा. ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि मुलांचा अभ्यास त्यावरच चालतो, त्या घराला पाचशे-हजाराच्या दुरुस्तीसाठी तीस-चाळीस हजारांच्या खर्चात ढकलणं मला अजिबात पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 'मशीन संपलं' हे. डेस्कटॉपमध्ये फिरणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात: सीपीयूवरचा (मुख्य प्रोसेसरवरचा) फॅन, कॅबिनेटचे फॅन, एसएमपीएसचा फॅन, असलाच तर ग्राफिक्स कार्डाचा फॅन, आणि जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क. घरघर यांच्यापैकीच कुणाची तरी असते. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे तेल मुरवलेल्या धातूच्या नळीत फिरणारी एक दांडी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेल सुकतं, नळी झिजते, दांडी डगमगायला लागते आणि पाती थरथरतात. सकाळी मशीन सुरू केल्यावर जोरात घरघर आणि पाच-दहा मिनिटांत ती कमी, असं होत असेल तर बेअरिंगच गेलंय असं समजायला हरकत नाही. उरलंसुरलं तेल गरम होऊन पसरलं की आवाज दबतो.

याउलट एरवी शांत असलेलं मशीन व्हिडिओ लावला किंवा जड काम दिलं की सूं करत असेल, तर फॅन बहुधा ठणठणीत आहे. हीटसिंक (सीपीयूची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) तुंबलाय, म्हणून मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड, फॅनला जोरात पळवतोय. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तर हे आधी तपासावं. मेट्रो ४ चं काम आणि शेजारची बांधकामं यांची धूळ खिडक्या बंद ठेवूनही घरात येते. सीपीयूचा फॅन उचलून पाहिला तर खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा करडा थर सापडतो. तो रंगकामाच्या ब्रशने काढा, हवा मारा (मारताना पाती बोटाने धरून ठेवा), बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. आणि एकसारखी टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागत असते; ती बाजूला घेऊन बांधली की झालं.

नेमका कुठला फॅन, हे शोधायची सोपी रीत आहे. बाजूचं झाकण उघडून मशीन चालू ठेवायचं आणि पेन्सिलीच्या मागच्या रबराने फॅनच्या मधल्या गोल भागावर दोन-तीन सेकंद हलकेच दाबायचं. पात्यांवर नाही. फॅन थांबल्याबरोबर घरघर थांबली तर तोच. एसएमपीएसच्या जाळीतून मात्र काहीही आत घालायचं नाही. आणि खटखट हार्ड डिस्कमधून येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून घ्या. खरं घाबरायचं ते या एका आवाजाला, आणि नेमकं त्याबद्दल त्या मेसेजमध्ये अक्षर नाही.

आता तेल. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं; जानेवारीतल्या सकाळी आपल्या बाटलीत काय होतं ते आठवा. शिवाय ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रावण आहे. ते बेअरिंगमधलं उरलेलं तेल धुऊन काढतं आणि स्वतः बरंचसं उडून जातं. आवाज काही दिवस बंद होतो, मग आधीपेक्षा वाईट परत येतो. शिलाई मशीनचं तेल यांच्यापेक्षा बरं. परीक्षा तोंडावर असेल तर फॅनचं स्टिकर सोलून एक थेंब सोडा, काही आठवडे निघतील. पण झिजलेली नळी तेलाने भरून येत नाही, आणि बॉल बेअरिंगच्या किंवा सीलबंद फॅनला या उपायाचा उपयोगच नाही.

झाकण काढून ठेवण्यात अर्धं तथ्य आहे: कधीकधी तापमान खरंच चार-पाच अंशांनी उतरतं. पण त्याचा अर्थ पुढची जाळी तुंबलीय, ती साफ करा. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ जाते, पावसाळ्यात पाली आणि झुरळं जातात. शिवाय ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये प्लास्टिकच्या बोगद्यातून हवा सीपीयूवर नेलेली असते, ती वाटच मोडते.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला म्हणजे 'जास्त आरपीएमचा कुठलाही'. फॅनचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो; आणि १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. म्हणून शांतता हवी असेल तर कॅबिनेटमध्ये बसेल तेवढा मोठा फॅन घ्यायचा आणि तो हळू फिरवायचा. माप चौकटीच्या कडेपासून कडेपर्यंत घ्या: ८०, ९२, १२० किंवा १४० मिमी. खात्री हवी असेल तर स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा: ८० ला ७१.५, ९२ ला ८२.५, १२० ला १०५ मिमी. जाडी बहुतेक वेळा २५ मिमी. वायरीच्या टोकाला किती पिना आहेत तेही बघा: ३ पिनी फॅन मदरबोर्डवरच्या ४ पिनी जागेत बसतो आणि ४ पिनी फॅन ३ पिनी जागेतही. मात्र वेगावर ताबा राहील की तो पूर्ण वेगाने पळेल, हे मदरबोर्डवर ठरतं. बसवताना स्टिकरची, आडव्या काड्यांची बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला हवा जाते. पुढचा फॅन हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा.

'सगळे सारखेच' हे ब्रँडेड मशीनला तर मुळीच लागू नाही. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप आज अनेक घरांत आहेत. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या अनेक मॉडेलमध्ये फॅनची जोडणी ५ पिनी असते, बाजारातला साधा फॅन तिथे लागत नाही, आणि फॅन सापडला नाही की मशीन सुरू होताना एरर दाखवून एफ१ दाबायला लावतं. अशा वेळी वायरी कापून जोडू नका, रंगांचा क्रम प्रत्येक कंपनीत एकसारखा नसतो. जुन्या फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर देऊन तोच मागवा.

सीपीयूचा कूलर (हीटसिंक आणि फॅन मिळून) पूर्ण काढलात तर सीपीयू आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावीच लागते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ सारख्या मशीनला अजूनही नवा कूलर सहज मिळतो, कारण ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटमध्ये (मदरबोर्डवर सीपीयू बसतो त्या जागेत) कूलरच्या भोकांचं अंतर ७५ मिमीच राहिलं. त्याहून जुन्या ७७५ ला ७२ मिमीचा लागतो, तेव्हा दुकानात सॉकेटचा नंबर सांगा.

एसएमपीएस उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचे आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ टिकतो. त्याचा फॅन घरघरत असेल तर अख्खा एसएमपीएस बदला.

खर्चाचं सांगायचं तर १२० मिमीचा बरा फॅन ५०० ते १,००० रुपयांत येतो आणि त्यासाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठावा लागत नाही, ठाण्यात-वाशीत मिळतो. बसवल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आरपीएम दिसतोय ना ते बघा. फॅन ३ पिनी असेल तर तिथे डीसी मोड (व्होल्टेज बदलून वेग ठरवणारा) निवडा. नवा हळू फिरणारा फॅन लावल्यावर काही मदरबोर्ड 'सीपीयू फॅन एरर' दाखवतात, कारण त्यांची किमान मर्यादा ६०० आरपीएमच्या आसपास ठरलेली असते. ती २०० किंवा ३०० वर आणा. फॅन चांगला आहे, दुकानात परत न्यायची गरज नाही.