एअरबॅगच्या लाइटबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मीटरमधली एक लाइट घालवायला आम्ही गाडी मुक्कामी ठेवून घेतली, १८०० रुपये घेतले, रेझिस्टर लावून द्या म्हटलं तर नाही म्हणालो आणि वर नवंकोरं सीट कव्हर काढायला लावलं, असं तुम्ही लिहिलंय. घराजवळच्या गॅरेजमध्ये हेच काम ३०० रुपयांत झालं होतं, असंही लिहिलंय. ही लाइट घेऊन येणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

३०० रुपयांत लाइट गेली, पण थोड्याच दिवसांत परत आली, म्हणून तर तुम्ही अंबडला आमच्याकडे आलात. त्या गॅरेजमध्ये एअरबॅगच्या मोड्यूलच्या, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, मेमरीतला बिघाडाचा कोड पुसला होता. कोड पुसला की लाइट जाते, बिघाड जागच्या जागी राहतो. आणि ही लाइट लागलेली असताना धडक बसली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. त्या सीटवर आई बसतात हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीला जोडून कोड वाचायचं छोटं यंत्र, इंजिनाचे कोड वाचतो, एअरबॅगचं मोड्यूल बहुतेक वेळा त्याला दिसतच नाही. आमच्या स्कॅनरवर कोड आला तो डाव्या सीटच्या पाठीत असलेल्या साइड एअरबॅगचा, सर्किटचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जास्त असल्याचा. पण बिघाड मधूनच यायचा, मधूनच जायचा. गाडी नुसती उभी असेल तर सगळं ठीक. सीट मागे-पुढे सरकवली की स्क्रीनवर दोन ओहमच्या आसपास असलेला रेझिस्टन्सचा आकडा एकदम वर उडायचा. त्यावरून दोष सीटखाली आहे हे कळलं. अशा वेळी एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर लावून बघायचं नसतं. मल्टिमीटरमधून जाणाऱ्या करंटनेही बॅग फुटू शकते, आणि समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर फुटते.

'पोरं नुसती उभी होती' असं तुम्ही लिहिलंय, ते याच वेळचं. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावरही मोड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून कंपनीनेच ती सोय केलेली असते. तो चार्ज उतरेपर्यंत, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ थांबल्याशिवाय माझ्याकडचा एकही पोरगा पिवळ्या कनेक्टरला हात लावत नाही. एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात ते सावध राहावं म्हणूनच.

सीट उघडल्यावर जे दिसलं त्याचे फोटो तुम्हाला पाठवलेत. कव्हरचा इलॅस्टिकचा पट्टा सीटखालून ओढून त्याचा लोखंडी हूक थेट एअरबॅगच्या वायरिंगला अडकवला होता. सीट सरकली की हूक वायर ओढायचा. ओढून ओढून पिवळ्या कनेक्टरचं लॉक अर्धं बाहेर आलं होतं. वायर सोललेली नव्हती हे नशीब, नाहीतर तिथे टेप गुंडाळून भागत नाही, हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलावा लागला असता आणि बिल कितीतरी वाढलं असतं. कनेक्टर साफ करून लॉकसकट बसवला, सीट परत बसवली, पुन्हा स्कॅन केलं. एमआयडीसीतल्या खड्ड्यांवरून गाडी फिरवली आणि सकाळी थंड गाडी चालू करून परत पाहिली. मुक्काम त्यासाठी होता. त्यामुळे तुमचं गडावर जायचं राहिलं याचं मला खरंच वाईट वाटतं, पण सप्तशृंगीच्या घाटात आईंना त्या सीटवर तशीच बसवून पाठवायला मन धजलं नाही.

रेझिस्टरचं स्पष्ट सांगतो. बॅगेच्या जागी दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर लावला की मोड्यूलला वाटतं बॅग जोडलेली आहे. लाइट जाते आणि बॅगही जाते. ते काम आम्ही कितीही पैसे दिले तरी करत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावं: चावी फिरवल्यावर एअरबॅगची लाइट काही सेकंद लागून विझली पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी ती बंद केलेली असू शकते. लागून विझली तरी रेझिस्टर कळत नाही, त्यामुळे व्यवहाराआधी सीटखाली आणि डॅशबोर्डमागे एकदा नजर टाकून घ्या.

आता कव्हर. साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेने, शिवण फाडून बाहेर येते. तुमचं कव्हर त्या बाजूने जाड रेक्झिनचं, दुहेरी टाक्यांनी बंद होतं. कव्हर चांगलं आहे, पण या गाडीसाठी नाही. साइड एअरबॅगच्या सीटसाठी त्या कडेला उघडं किंवा कच्च्या शिवणीचं कव्हर मिळतं. तुमचं कव्हर घडी घालून ऑफिसात ठेवलंय. दुकानदाराकडून बदलून घ्या आणि बसवताना हूक सीटच्या फ्रेमला लावायला सांगा. बसवून झाल्यावर गाडी इकडे आणा, सीटखालचं सगळं परत तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी आम्हाला सुट्टी असते, बाकी कधीही या.