साहेब पकडला गेला, तर बॉडीगार्ड आधीच हरला ना भो!

बाहेर शंभर बंदुका, आत ओलीस धरलेला राष्ट्राध्यक्ष आणि त्याला सोडवायला निघालेला एकटा बॉडीगार्ड. या साच्याचे सिनेमे मी आवडीनं पाहतो. हिंदी डबिंग असेल तर जरा जास्तच आवडीनं. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात शेतीची लाईट बहुतेक रात्रीची. केळीला पाणी सुरू करून बांधावर बसलं की मोबाईलवर डोळे उघडे ठेवणारं काहीतरी लागतंच. तिथं नात्यागोत्याचा गंभीर सिनेमा कामाचा नाही, धाडधाडच पाहिजे. हॉलिवूडनं २०१३ साली तर एकाच वर्षात असे दोन सिनेमे काढले. दोन्हींत व्हाइट हाऊसच ताब्यात जातं आणि दोन्हींत एकटा गडी सगळं निस्तरतो. मी दोन्ही पाहिले, काही भाग दोनदा.

एवढं पाहूनही माझी एक तक्रार आहेच. या सिनेमांत बॉडीगार्डचं काम नेमकं जिथं फसतं, तिथून त्याची हिरोगिरी सुरू होते. ज्याला सांभाळायचं, तोच शत्रूच्या हातात गेला म्हणजे तुझी नोकरी बुडाली ना बाबा! पुढं तू एसीच्या नळ्यांतून रांगत जाऊन चाळीस माणसं लोळवलीस, तरी तो भाग हुशार कमांडोचा. अंगरक्षकाचा नाही. (आणि तो खलनायक वायरलेसवर याच्याशी इतक्या गप्पा का मारतो? गप्प बसला असता तर अर्धी लढाई जिंकला असता.)

खऱ्या अंगरक्षकाचं काम कसं असतं ते ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये दिसलं. हॉटेलबाहेर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या गेल्या. टिम मॅकार्थी नावाचा एजंट हातपाय फाकून गोळीच्या वाटेत उभा राहिला आणि त्यानं ती पोटात घेतली. जेरी पार यानं रेगनला ढकलून गाडीत कोंबलं. गाडी निघाली व्हाइट हाऊसकडे, पण वाटेत पारला रेगनच्या तोंडात रक्त दिसलं आणि त्यानं गाडी दवाखान्याकडे वळवली. रेगन वाचले, मॅकार्थीही वाचला. मॅकार्थी आणि पार, दोघांनी एकही गोळी झाडली नाही. एक आडवा आला, दुसऱ्यानं साहेबाला तिथून हलवलं. सिनेमावाल्याला यात किती मिनिटांचा मसाला मिळणार?

आणि साहेब खरंच पकडला गेला तर काय होतं, तेही इटलीत घडून गेलंय. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना १६ मार्च १९७८ ला रोममध्ये भर रस्त्यात पळवलं. सोबतचे पाचही रक्षक मारले गेले. ५५ दिवसांनी एका रेनॉ गाडीत मोरोंचा मृतदेह सापडला. सोडवायला जाणारा कुणी उरलाच नव्हता, कारण बॉडीगार्ड सगळ्यात आधी मरतो.

आपल्याकडे १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. सीआरपीएफच्या कमलेश कुमारी यांच्या हातात बंदूक नव्हती, वायरलेस सेट होता. त्यांनी आरडाओरड करून सगळ्यांना सावध केलं आणि जीव गमावला. इतरांनी दारं बंद केली. अतिरेकी आत घुसू शकले नाहीत, पाचही बाहेरच मारले गेले. कमलेश कुमारींना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सिनेमात दार लावणाऱ्याला साधा डायलॉग तरी देतात का? तो पहिल्या दहा मिनिटांत मरणाऱ्यांत असतो, त्याचं नावही कळत नाही.

'एकटा' या गोष्टीवर तर माझा अजिबात विश्वास नाही. १९८४ मध्ये इंदिराजींवर गोळ्या झाडणारे त्यांचेच रक्षक होते. त्यानंतर १९८५ मध्ये पंतप्रधानांच्या रक्षणासाठी एसपीजी हे खास दल उभं राहिलं. एका माणसाच्या भरवशावर सुरक्षा सोडायची नाही, हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया. सिनेमा बरोबर उलटं शिकवतो : व्यवस्था कुचकामी, एकटा मर्द कामाचा.

यावर कुणीतरी जिवा महालाचं नाव काढणारच. काढा. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे लहानपणापासून ऐकतोय आणि अभिमानच आहे. पण प्रतापगडावर काय झालं ते आठवा. सय्यद बंडाचा वार महाराजांवर पडायच्या आत जिवानं तो अडवला. क्षणाचं काम. आणि जावळीच्या रानात मावळे आधीपासून दबा धरून होते. जिवा मोठा ठरला तो वेळेवर, जागेवर होता म्हणून.

माझा एक मावसभाऊ पोलिसात आहे. काही वर्षं एका पुढाऱ्याचा गनमॅन होता. त्याला असला एक सिनेमा दाखवला. हिरो सलग अठरा तास लढतोय हे पाहून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "याचा रिलीव्हर कुठे आहे भो?" त्याच्या आठवणी सगळ्या लग्नसराईच्या. साहेबाला एका दिवसात दहा-बारा लग्नं. मांडवात शिरलं की याचे डोळे लोकांच्या हातांवर, चेहऱ्यांवर नाही. साहेबाच्या गळ्यात पडलेले हार, नारळ, शाल, लोकांनी दिलेली निवेदनं, सगळं शेवटी याच्याच हातात. हे सांभाळत कमरेचं पिस्तूल कधी काढायचं? त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही. पंगतीत वरण-बट्टी वाढलेली असते, वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला असतो, आणि घास मोडणार तेवढ्यात साहेब उठतो. रात्री घरी आला की मावशीचं एकच विचारणं, "जेवना का भाऊ?"

त्याला म्हटलं, तू पिक्चर काढला असता तर कसा काढला असता?

"पहिल्या पाच मिनिटांत गडबड. साहेबाची मान दाबायची, गाडीत टाकायचा, गाडी काढायची. खतम."

"मग तिकीट कोण काढीन?"

"तेच तर सांगू राहिलो ना भो. आमचं काम नीट झालं तर पाहायला काही उरतच नाही."